बोथ तालुक्याची दोन पुस्तके

राज्य पुनर्रचनेचा १९५६ चा कायदा वाचायला रुक्ष आहे. पण त्यातले मुंबई राज्याविषयीचे कलम सीमेवरच्या मराठी माणसाने एकदा तरी वाचावे. हैदराबाद राज्याचा कोणता भाग मुंबई राज्यात जाणार याची त्यात यादी आहे. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल एवढे तुकडे मोजून काढलेले आहेत. उलट दिशेने नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबीर ही सर्कले आंध्रच्या पदरात पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी कायदा अमलात आला आणि एका तालुक्याची माणसे दोन राज्यांची झाली. इस्लापूर नांदेडला गेले, बाजारहत्नूरचा परिसर आदिलाबादेत राहिला. बोली, सोयरीक, शेतातला कापूस, बैलबाजार यांत काही फरक पडला नाही. फरक पडला तो शाळेच्या दप्तरात. इस्लापूरच्या मुलाच्या हाती बालभारतीचे पुस्तक आले, बाजारहत्नूरच्या मुलाच्या हाती आधी आंध्र प्रदेशाचे आणि २०१४ नंतर तेलंगणाचे. पणजोबा एकाच तहसिलीत सारा भरणारे, आणि पणतू दोन वेगळ्या इतिहासांत नापास होण्याची भीती बाळगणारे, अशी ही गंमत आहे.

ही दोन्ही पुस्तके वाईट आहेत, अशी या लेखाची तक्रार नाही. तेलंगणाच्या नववी-दहावीत इतिहास हा ‘सोशल’ या एका मोठ्या विषयाचा भाग असतो, पण त्यात जगाला भरपूर जागा आहे. युरोपातली लोकशाही आणि राष्ट्रवादी क्रांत्या, औद्योगिकीकरण, लॅटिन अमेरिका, आशिया आणि आफ्रिकेतला वसाहतवाद, दोन महायुद्धांमधले जग, वसाहतींतले मुक्तिलढे, आणि शेवटी तेलंगण राज्याची चळवळ अशी ती रचना आहे. आठवीत हैदराबाद संस्थानातल्या स्वातंत्र्यचळवळीवर स्वतंत्र प्रकरण आहे. महाराष्ट्रातली आतापर्यंत चालत आलेली रचना निराळी. आठवीत आधुनिक भारताचा इतिहास संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेपर्यंत येतो, त्यात हैदराबादचा मुक्तिलढाही येतो. नववीत १९६० नंतरचा भारत. दहावीत इतिहासलेखनाची पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन. जगाचा इतिहास म्हणाल तर आठवीतल्या ‘युरोप आणि भारत’सारख्या प्रकरणापुरता. म्हणजे सीमेच्या तेलंगणाकडच्या बाजूला मुलगा हिटलरचा उदय शिकतो, महाराष्ट्राकडच्या बाजूला त्याच्याच वयाची मुलगी रांके आणि फुको यांची नावे पाठ करते. एकाला घटना मिळतात, त्या तपासायची हत्यारे मिळत नाहीत. दुसरीला हत्यारांची यादी मिळते, ती चालवून बघायला घटना मिळत नाही. आणि किनवट आदिलाबादेतून का गेले, हा दोघांच्याही घराजवळचा प्रश्न दोघांच्याही परीक्षेत येत नाही.

या अवस्थेचे मूळ पाठ्यक्रम आखणाऱ्यांच्या एका जुन्या समजुतीत आहे. मुलाला आधी गाव, मग जिल्हा, मग राज्य, मग देश आणि सरतेशेवटी जग शिकवावे, कारण जवळचे सोपे आणि लांबचे अवघड. भूगोलात हे काही अंशी चालते. इतिहासात चालत नाही, कारण जवळच्या घटनेची कारणे बहुधा लांब असतात. माझे म्हणणे एवढेच, की माध्यमिक शाळेत राष्ट्राचा आणि जगाचा इतिहास शिकवायचा तर तो एखाद्या जवळच्या, वादग्रस्त, कागदपत्रे उपलब्ध असलेल्या घटनेतून शिकवावा. तिच्याविषयीची निरनिराळी कथने शेजारी शेजारी ठेवावीत आणि मुलांना ती तपासू द्यावीत. राज्य मंडळाची चौकट यासाठी एकाच वेळी फार मोठी आणि फार लहान ठरते. बाजारहत्नूर ज्या मुलखात आहे तिथे हे जितके स्पष्ट दिसते तितके पुण्या-मुंबईत किंवा हैदराबादेत दिसणार नाही.

गोंड बंडखोर कुमराम भीमचेच उदाहरण घ्या. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात भीम मारला गेला. कारण तसे अगदी स्थानिक होते. राखीव जंगलाच्या हद्दी वाढत होत्या, गोंड-कोलामांची शेते त्या हद्दीत जात होती, झोपड्या उठवल्या जात होत्या, आणि मोकळ्या जमिनींचे पट्टे कागदपत्रे समजणाऱ्या बाहेरच्या माणसांच्या नावावर चढत होते. पण ही राखीव जंगलाची कल्पना आदिलाबादेत उगवलेली नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानातला पहिला वनकायदा १८६५ चा, अधिक कडक दुसरा १८७८ चा. त्याच १८६५ साली डचांनी जावा बेटावर वनकायदा लागू केला. रेल्वेचे स्लीपर आणि जहाजांचे लाकूड या दोन भुकांनी जगभरची जंगले सरकारजमा होत होती, आणि संस्थानांनीही तोच धडा गिरवला. एनसीईआरटीच्या २००६ साली आलेल्या नववीच्या पुस्तकाने बस्तर आणि जावा एका प्रकरणात शेजारी बसवले होते. भारतीय शालेय इतिहासातली ती एक शहाणी जोडणी. त्या प्रकरणात तिसरे नाव आदिलाबादचे सहज बसले असते. भीम काही काळ चांद्याला आणि पुढे आसामच्या चहामळ्यांत गेला होता असे सांगितले जाते. ते खरे धरले तर हा माणूस वसाहतीच्या मजूर बाजाराचा अनुभव गाठीला बांधून डोंगरात परतला होता, आणि त्याचे बंड नुसते ‘अडाणी आदिवासींचा उठाव’ म्हणून सोडून देता येत नाही.

भीम गेल्यानंतर काय झाले, हा भाग त्याहून बोलका आहे. बंडाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने ज्याच्यावर सोपवले तो क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. तो हैदराबादेत अडकला कसा? मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळली, त्यामुळे त्याच्या हाती जर्मन पासपोर्ट आला; सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि ब्रिटिशांच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्याला हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली आणि त्या सक्तीच्या मुक्कामात त्याने इथल्या आदिवासींचा अभ्यास केला. मार्लवाई या गोंड गावात तो आणि त्याची पत्नी बेट्टी राहिले. तिची समाधी आजही तिथे आहे. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन आदिवासींची गाऱ्हाणी ऐकायची हा दरबाराचा पायंडाही त्याच काळातला, त्याच्याच पुढाकाराने पडलेला. दहावीच्या पुस्तकात ‘दोन महायुद्धांमधले जग’ शिकणाऱ्या बाजारहत्नूरच्या मुलाला व्हिएन्नाचे राजकारण आपल्या डोंगरातल्या जमिनीच्या पट्ट्यांपर्यंत कसे पोचले हे सांगितले, तर हिटलर त्याच्या दृष्टीने नकाशावरच्या लांबच्या देशातला खलनायक राहणार नाही. दरबार दर वर्षी भरतो, वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात. धड्यात मात्र त्याला जागा नाही.

या कहाणीत एक मराठी धागाही आहे आणि तो आपल्याकडे जवळजवळ विसरला गेला आहे. सेतुमाधवराव पगडी म्हटले की मराठी वाचकाला फारसी साधनांवरून मराठ्यांचा इतिहास लिहिणारे संशोधक आठवतात. निलंग्यात जन्मलेले पगडी तरुणपणी हैदराबाद संस्थानाच्या नागरी सेवेत होते आणि आदिलाबादच्या आदिवासी भागात त्यांनी काम केले. ते गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले. मार्लवाईला १९४३ मध्ये गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले आणि गोंडी मुलांसाठी जी वाचनपुस्तके निघाली ती देवनागरी लिपीत निघाली. राज्याची भाषा उर्दू, जिल्ह्यात जोर तेलुगूचा, तरी लिपी देवनागरी; कारण या पट्ट्यातल्या गोंडांना मराठीचा सराव होता. गोंडांचे वंशपरंपरागत भाट म्हणजे प्रधान. किंगरीवर गोंडांच्या देवांची आणि राजांची आख्याने गाणारे प्रधान घरात मराठीची बोली बोलतात आणि गातात गोंडीत. म्हणजे एका समाजाची तोंडी बखर दुसऱ्या भाषेच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. राज्य आणि भाषा यांची बेरीज नेहमी जुळतेच असे मानणाऱ्या पाठ्यपुस्तकाला हे प्रधान कुठे बसवावेत ते कळत नाही, म्हणून ते त्यांना वगळते. संयुक्त महाराष्ट्राचा धडा आणि तेलंगण राज्याचा धडा दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. पण दोन्ही वाचून मुलाची अशी समजूत होते की सीमा आखली तेव्हा तिच्या अलीकडे एक भाषा होती आणि पलीकडे दुसरी.

आता साधने तपासण्याविषयी. भीमचा स्मृतिदिन आश्विनी पौर्णिमेला, तिथीने पाळतात; छापील मजकुरात मात्र मृत्यूचा महिना कुठे सप्टेंबर, कुठे ऑक्टोबर आढळतो. निर्मलला रामजी गोंडाला त्याच्या साथीदारांसह वडाच्या झाडाला फाशी दिल्याची आठवण सांगतात. साल बहुधा १८६० धरले जाते आणि झाडाचे नावच हजार फासांचा वड. हजार हा आकडा नोंदीचा की लोकस्मृतीचा? रामजीच्या उठावात रोहिले गोंडांच्या बरोबरीने लढले, आणि तिकडे चांद्याला उठाव करणाऱ्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी झाली होती. हे दोन उठाव एकाच वणव्याचे की वेगळे? इंद्रवेल्लीला २० एप्रिल १९८१ रोजी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा १३, नागरी हक्क संघटनांचा त्याच्या कितीतरी पट. पुढे कित्येक वर्षे त्या तारखेला तिथे जमावबंदी लागत असे. यातला एकही प्रश्न चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचा नाही. तारखा दोन का, आकडे दोन का, कोणी कधी आणि कशासाठी लिहिले, गाण्यातला हजार आणि पंचनाम्यातला तेरा यांकडे एकाच नजरेने बघावे का, हे विचारायला शिकणे म्हणजेच इतिहास शिकणे. २०२२ साली ‘आरआरआर’ चित्रपट आला आणि सगळ्या जगाने भीमला दिल्लीत ब्रिटिश गव्हर्नरशी झुंजताना पाहिले. प्रत्यक्षात त्याची लढाई निजामाच्या महसूल, जंगल आणि पोलीस खात्यांशी होती; आणि पडद्यावरचा त्याचा मित्र अल्लुरी सीताराम राजू १९२४ मध्येच मारला गेला होता. चित्रपटाने कल्पना लढवावी, त्याचा तो हक्क. पण पुस्तकात भीमविषयी चार ओळी आणि पडद्यावर तीन तास, असा सामना असेल तर मुलाच्या डोक्यात काय उरणार हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

सर्वांत कसोटीचा दिवस १७ सप्टेंबर. १९४८ मध्ये त्या दिवशी निजाम मीर उस्मान अली खान याने शरणागती जाहीर केली. महाराष्ट्र तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. कर्नाटकात तो कल्याण कर्नाटक उत्सव आहे. केंद्र सरकार २०२२ पासून हैदराबाद मुक्ती दिन साजरा करते. तेलंगण सरकारने २०२२ मध्ये राष्ट्रीय एकता दिन केला, सत्तांतरानंतर २०२४ मध्ये प्रजा पालन दिन. साम्यवाद्यांसाठी ही गोष्ट १९४८ ला संपतच नाही, कारण त्यांचा सशस्त्र लढा १९५१ पर्यंत भारतीय फौजांशीही चालला. आणि या सगळ्यांना न आवडणारा एक कागद आहे, पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी करायला भारत सरकारनेच ही समिती पाठवली होती. तिचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता, आणि तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जे केले तेही तितकेच खरे आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी तुरुंग भोगले तेही खरे. यातले एक सांगून दुसरे दडपणे हे शिक्षण नव्हे. किनवटची गंमत तर वेगळीच. १७ सप्टेंबर १९४८ ला किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. मराठवाड्यात ते १९५६ ला आले. तरी तिथे आज मराठवाड्याच्या मुक्तीचा दिवस साजरा होतो आणि तेव्हा त्याच जिल्ह्यात असलेल्या बाजारहत्नूरला त्याच घटनेचा दुसऱ्या नावाचा समारंभ होतो. दोन्ही ठिकाणच्या मुख्याध्यापकांच्या भाषणात हा तपशील येत नाही, कारण तो दोन्ही पुस्तकांत नाही.

यावर व्यवहारी माणूस विचारील की या कोरीव कामाचा कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला उपयोग काय. उपयोग रोकडा आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर महाराष्ट्र सरकारने २ सप्टेंबर २०२५ रोजी शासन निर्णय काढून मराठवाड्यात कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. त्याआधी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी निजामकालीन नोंदी धुंडाळल्या गेल्या आणि मोडी, उर्दू, फारसी वाचणारी माणसे अचानक दुर्मीळ ठरली. लगोलग बंजारा समाजानेही त्याच गॅझेटचा हवाला देऊन अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी केली. कारण त्यांचा भाऊबंद पलीकडे आहे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगणातले लंबाडा अनुसूचित जमातीत आले, महाराष्ट्रातले बंजारा विमुक्त जातींत राहिले. सीमा ओलांडली की वर्ग बदलतो. याच प्रश्नावरून डिसेंबर २०१७ मध्ये उटनूर परिसरात गोंड आणि लंबाडा समाज एकमेकांवर उठले. तरुण मुलांची नोकरी, वसतिगृह, शिष्यवृत्ती एका शतकापूर्वीच्या नोंदीवर टांगलेली आहे, आणि गॅझेटियर म्हणजे काय, जनगणनेत जात कोण कशी लिहीत असे, फसली साल म्हणजे काय, हे त्यांना शाळेने कधी सांगितलेले नाही. १९४६ चा हैदराबादचा आदिवासी क्षेत्र कायदा कागदोपत्री १३५६ फसलीचा आहे. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येते, एवढी बेरीज तरी या मुलखातल्या प्रत्येक दहावीच्या मुलाला यायला हवी. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे पाठ असून घरातला जुना सातबारा किंवा पहाणी वाचता न येणे हे आपल्या इतिहास शिक्षणाचे खरे प्रगतिपुस्तक आहे.

पण फ्रेंच राज्यक्रांती काढून टाका, असा याचा अर्थ कोणी लावू नये. स्थानिक इतिहासाचे काही भक्त तसा लावतात आणि गावाच्या वेशीत मुलाला कोंडून ठेवतात. कापसाचा भाव आदिलाबादच्या यार्डात ठरतो असे ज्याला वाटते त्याला १८६१ ते १८६५ चे अमेरिकेतले यादवी युद्ध शिकवलेच पाहिजे. तिकडचा कापूस बंद पडला म्हणून मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवले, रेल्वेचे फाटे कापसाच्या बाजारपेठांपर्यंत गेले आणि काळ्या जमिनीची किंमत बदलली. अमेरिकेतल्या गुलामगिरीचा आणि आपल्याकडच्या कापूसवेडाचा धागा एकच आहे. तो दाखवला तर अब्राहम लिंकन मुलांना कळतो. नुसती सनावळी दिली तर विसरला जातो. जग शिकवायला हवेच. ते गावातून जाणाऱ्या धाग्याला धरून शिकवावे, हा आग्रह आहे.

या मांडणीवर काही आक्षेप येणार, आणि ते फुटकळ नाहीत. पहिला शिक्षकांचाच. मुलांचा पाया कच्चा असताना चार चार कथने दिली तर गोंधळ उडेल. आधी एक सरळ गोष्ट सांगा, शंका पुढे कॉलेजात. पाचवी-सहावीपुरते हे मला मान्य आहे. पण दहावीनंतर इतिहास पुन्हा हातात न धरणारी मुले बहुसंख्य असतात. विज्ञान, वाणिज्य, आयटीआय, शेती यांच्याकडे गेलेल्या मुलाला ती शंका पुढे कोण शिकवणार? मोबाइलवर १७ सप्टेंबरची पाच कथने त्याच्यापर्यंत पोचतातच, तीही कोणी लिहिली याचा पत्ता नसलेली. गोंधळ बाहेर झालेलाच आहे; तो सोडवायची सवय लावण्याची शेवटची जागा नववी-दहावीचा वर्ग आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. महाराष्ट्रात इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुण, तेलंगणात भूगोल, अर्थशास्त्र, नागरिकशास्त्रासह सगळे एका पेपरात. त्यात हे कुठे कोंबायचे? उत्तर कठोर आहे: काही प्रकरणे गाळा. नऊ प्रकरणे वरवर उरकण्यापेक्षा चार नीट झाली तर तोटा नाही, आणि प्रश्नपत्रिकेत दोन उतारे देऊन ‘यातला कोणता अधिक विश्वासार्ह, का?’ असा एकच प्रश्न अनिवार्य केला तर शिकवण्याची पद्धत शिक्षक आपोआप बदलतील. आपल्याकडे अभ्यासक्रम प्रस्तावनेने बदलत नाही, प्रश्नपत्रिकेने बदलतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. सीमा, आरक्षण, पोलीस कारवाई हे विषय वर्गात काढले तर जुन्या जखमांवरची खपली निघेल. गोंड आणि लंबाडा, हिंदू आणि मुसलमान मुले एकाच बाकावर बसतात, तिथे आग कशाला लावायची? यात तथ्य आहे आणि अर्ध्या तयारीने हे करणारा शिक्षक नुकसानच करील. पण २०१७ चा डिसेंबर इतिहासाच्या तासामुळे घडला नव्हता. एकमेकांविषयी ऐकीव माहिती होती, कायद्याची माहिती नव्हती, आणि दोन्ही बाजूंना आपणच लुटले गेलो असे वाटत होते. १९७६ चा कायदा कोणत्या प्रक्रियेने झाला, त्यापूर्वी लंबाडांची अवस्था काय होती, त्यानंतर गोंडांच्या जमिनींचे आणि नोकऱ्यांचे काय झाले, हे कागद समोर ठेवून शिकवले तर निदान भांडण कशावर आहे ते कळेल. गप्प बसणे तटस्थ नसते. त्या जागेत जो मोठ्याने बोलतो त्याचे कथन बसते.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. तेलंगणाने २०२२-२३ पासून सरकारी शाळांत पहिली ते आठवी इंग्रजी माध्यम आणले, आणि एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला तेलुगू अशी द्विभाषिक पुस्तके दिली. घरात मराठी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी दोन्ही बाजू परक्या. गणितात हे एक वेळ निभावते. इतिहासात मूल वाक्यच्या वाक्य घोकते, कारण उलटसुलट बोलायला त्या भाषेत शब्द नसतात. ज्या जिल्ह्यात १९४३ साली गोंडीतून शिकवण्याचा प्रयोग झाला तिथे ८० वर्षांनंतर ही पीछेहाट व्हावी हे लाजिरवाणे आहे. महाराष्ट्राला इथे नाक वर करायचे कारण नाही; गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड मुलांना आपण इतिहास मराठीतूनच देतो.

दोन राज्यांनी मिळून पुस्तक करणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी युरोपकडे पाहावे. ७५ वर्षांत तीन युद्धे लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनीने माध्यमिक शाळांसाठी इतिहासाचे एकच पुस्तक केले. पहिला खंड २००६ मध्ये दोन्ही भाषांत निघाला, मजकूर तोच. पोलंड आणि जर्मनीनेही नंतर ती वाट धरली. त्याहून धाडसी प्रयोग इस्रायली मानसशास्त्रज्ञ डॅन बार-ऑन आणि पॅलेस्टिनी शिक्षणतज्ज्ञ सामी अदवान यांचा. दोन्हीकडच्या शिक्षकांनी लिहिलेल्या त्यांच्या पुस्तिकेत पानाच्या एका बाजूला इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी, आणि मधला रकाना विद्यार्थ्याला लिहिण्यासाठी कोरा. तिथे सरकारांनी ती स्वीकारली नाही आणि शांतताही आली नाही. पुस्तकाने युद्ध थांबते असा भाबडा दावा मी करत नाही. पण रक्त सांडत असताना ती माणसे एका पानावर येऊ शकली. आपल्याकडे जिवती आणि केरामेरीच्या मधली काही गावे दोन्ही राज्ये आपली म्हणतात. तिथे रेशन कार्डे दोन, मतदान दोन आणि शाळाही दोन, एक मराठी आणि एक तेलुगू. एका गल्लीत दोन इतिहास शिकवले जातात आणि दोन्ही शाळांच्या मास्तरांना एकत्र बसवायला आजवर कोणाला सुचले नाही.

तेलंगणाची एससीईआरटी आणि महाराष्ट्राची बालभारती यांनी आदिलाबाद, आसिफाबाद, निर्मल, नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक सामाईक पूरक पुस्तिका काढावी. १८५७ ते ६० चे गोंड उठाव, कापूस, जंगल आणि भीम, १९४८, १९५६ आणि इंद्रवेल्ली एवढेच विषय त्यात पुरेत. मजकूर मराठी, तेलुगू आणि गोंडी तिन्हींत असावा. मूळ कागदांची छायाचित्रे असावीत. परीक्षेत तिला दहा गुण असावेत, म्हणजे ती कपाटात राहणार नाही. सरकारे हलायला वेळ लागेल. तोवर बाजारहत्नूरच्या आणि इस्लापूरच्या शिक्षकांना कोणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर दोन्हीकडच्या शाळांनी आपली दोन पुस्तके एकमेकांना पाठवावीत, आणि मुलांना त्यांतला हैदराबादचा धडा ओळीने ताडून पाहायला सांगावे.